गाणं मोठं वाजतं, पण ठोका का लागत नाही?

गणपतीच्या आधी महिनाभर यूट्यूबवर नव्या मराठी गाण्यांची रीघ लागते. त्यातली बरीचशी आता घरच्याच खोलीत, एका लॅपटॉपवर आणि एका माइकवर तयार होतात. ती करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. मोठ्या स्टुडिओतल्या गाण्याशेजारी आमचं गाणं लावलं की ते पिचकट वाटतं. फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) वर ढकलावेत तर लाल दिवा लागून आवाज फाटतो. मग कोणीतरी सांगतं, "कंप्रेसर लाव." तो लावला की आवाज मोठा होतो खरा, पण ढोलकीतला जीव जातो आणि गायकाच्या मागे छताच्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागते.

याचं कारण असं की मोठा आवाज आणि दणका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळवताना दुसरी हातातून निसटते. दोन्ही हव्या असतील तर कंप्रेसर कुठे, किती आणि मुख्य म्हणजे किती उशिरा चालवायचा, ते कळावं लागतं.

आधी डेसिबलचा घोळ मिटवू

विसर्जनाच्या बातम्यांत जो डेसिबल येतो तो हवेतल्या आवाजाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा, ती त्या मापाची. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला डीबी वेगळा. तिथे शून्य म्हणजे कमाल मर्यादा आणि बाकी सगळे आकडे उणे. शून्याच्या वर फाइलमध्ये जागाच नसते, म्हणून तिथे पोचलेल्या तरंगाचा शेंडा छाटला जातो आणि आवाज फाटतो. ६ डीबी उतरलं की तरंगाची उंची निम्मी होते. पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डीबी उतरावे लागतात.

लाल दिवा पाहतो तो पीक, म्हणजे क्षणिक शेंडा. कान मात्र सरासरीवर चालतो. हलगीवर काठी पडते तेव्हाचा शेंडा दोन-चार मिलिसेकंदांचा असतो. मीटरच्या लेखी तो फार मोठा, कानाच्या हिशेबात जवळपास नगण्य. असे शंभर-दोनशे शेंडे शून्याला टेकून उभे राहतात आणि त्यांच्यापायी बाकीचं अख्खं गाणं खाली दबून राहतं. गाणं "बारीक" वाटतं ते इथे.

कानाला जाणवणारी ही सरासरी मोजायला एलयूएफएस नावाचं माप वापरतात, बोलताना सगळे लफ्स म्हणतात. त्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ठरवून दिली. त्यातही शून्य वर आणि आकडे उणे, त्यामुळे उणे ९ लफ्सचं गाणं उणे १४ लफ्सच्या गाण्यापेक्षा ५ डीबीने मोठं. (एमपी३ करताना फाइल लहान होते त्यालाही कंप्रेशन म्हणतात. त्याचा इथे काही संबंध नाही.)

कंप्रेसर नेमकं काय करतो

रात्री घरचे झोपलेले असताना हातात रिमोट धरून सिनेमा पाहणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. हाणामारी सुरू झाली की तो आवाज कमी करतो, संवाद आले की पुन्हा पूर्ववत करतो. कंप्रेसर म्हणजे हाच माणूस, फक्त कमालीचा चपळ. कितव्या पातळीला त्याने बटणाकडे बोट न्यायचं, तो थ्रेशोल्ड. त्या पातळीच्या वर गेलेला आवाज किती पटींनी दाबायचा, तो रेशो. आवाज मर्यादेबाहेर गेल्यावर तो पुरता खाली आणायला लागणारा वेळ म्हणजे अटॅक, आणि आवाज निवल्यावर बोट उचलून सगळं मूळ पदावर यायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज.

आकडे घालून पाहू. थ्रेशोल्ड उणे २०, रेशो ४:१. ढोलकीचा एक फटका उणे ८ ला गेला, म्हणजे मर्यादेच्या १२ डीबी वर. चाराने भागून तो ३ डीबीच वर राहतो आणि उणे १७ ला येतो. एकूण ९ डीबी दाबले गेले. आता मेकअप गेनने तेच ९ डीबी सगळ्या ट्रॅकवर परत द्या. फटका पुन्हा उणे ८ ला, होता तिथेच. मात्र उणे २० च्या खालचं जे होतं, बोटांचं हळू काम, घुमारा, खोलीचा प्रतिध्वनी, ते सगळं ९ डीबी वर आलं. शेंडे तिथेच राहिले आणि सरासरी वाढली, म्हणून आवाज मोठा वाटतो. पंखाही ९ डीबी वर येतो तो याच हिशेबाने, त्यामुळे पंखा रेकॉर्डिंगच्या वेळीच बंद केलेला बरा.

दणका अटॅकच्या बटणात आहे

नवखा माणूस थ्रेशोल्डशी खेळत बसतो आणि अटॅक आहे तसाच ठेवतो. खरी मेख अटॅकमध्ये आहे.

कुठल्याही तालवाद्याच्या आवाजाचे दोन भाग पाडता येतात. सुरुवातीचा आघात आणि त्यामागून येणारं अंग, म्हणजे घुमणारा भाग. दणका जाणवतो तो या दोहोंतल्या फरकामुळे. अटॅक १ मिलिसेकंदाचा ठेवला तर कंप्रेसर आघातालाच चिरडतो, फरक कमी होतो, आणि वाद्य जाड पण बोथट ऐकू येतं. अटॅक २० ते ३० मिलिसेकंदांचा ठेवला तर आघात सुटून जातो आणि कंप्रेसर मागच्या अंगावर बसतो. फरक वाढतो, ठोका पुढे येतो.

म्हणून किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम), ढोलकी किंवा ताशासाठी सुरुवात अशी करा: रेशो ४:१, अटॅक ३० मिलिसेकंद, थ्रेशोल्ड इतका खाली की मोठ्या फटक्याला ४ ते ६ डीबी दाबले जातील. मग अटॅक हळूहळू कमी करत न्या. एका ठिकाणी फटका अचानक मऊ होईल. तिथून थोडं मागे या आणि तिथेच थांबा.

या पद्धतीत गोम अशी की सुटून गेलेले आघात आता शून्याजवळ जातात, म्हणजे दणका आला पण पुढे आवाज वाढवायला जागा कमी झाली. हलगीसारख्या टणक वाद्यात हे फार होतं. तिथे कंप्रेसरच्या नंतर सॉफ्ट क्लिपर लावून नुसते शेंड्यावरचे २-३ डीबी छाटलेले चांगले. क्लिपरला अटॅक-रिलीज नसतात, तो फक्त तेवढा शेंडा कापतो आणि पुढच्या आवाजाला हात लावत नाही. इतक्या छोट्या काळातली विकृती फटक्याच्या कडकपणात मिसळून जाते. हाच प्रयोग गायकाच्या आवाजावर केलात तर चरचर लगेच ऐकू येईल.

रिलीज तालाशी जुळवायचा. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती ठोके, त्या आकड्याने) भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १०० बीपीएमला ते ६००, त्याचा पाव भाग १५०. किकचा रिलीज १०० ते १५० च्या आसपास ठेवला तर पुढचा फटका येईपर्यंत किती डीबी दाबले ते दाखवणाऱ्या मीटरची सुई शून्यावर परतते. रिलीज जास्त लांबवला तर पहिल्या फटक्याचा दाब अजून उतरलेला नसतानाच दुसरा येतो आणि त्याचा आघातही दबतो. मग पहिला फटका जोरात आणि पुढचे सगळे मरगळलेले, असं ऐकू येतं. फारच आखूड केला तर दोन फटक्यांमधला आवाज उसळून वर येतो आणि ट्रॅक धापा टाकायला लागतो.

बेसवर मात्र चपळपणा अंगाशी येतो. ५० हर्ट्झच्या एका लहरीला २० मिलिसेकंद लागतात. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून बरेच आखूड असतील तर कंप्रेसर आवाजाची पातळी सोडून त्या एकेका लहरीचा चढ-उतारच दाबू लागतो, लहरीचा आकार बदलतो आणि घरघर येते. बेसला अटॅक ३० च्या पुढे, रिलीज १०० च्या पुढे.

जुन्या यंत्रांच्या नकला असलेली प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) वापरताना एक सावधगिरी. १९६७ साली आलेल्या ११७६ या कंप्रेसरवर अटॅकचे आकडे १ ते ७ आहेत आणि ७ म्हणजे सर्वांत जलद. शिवाय त्याचा सर्वांत संथ अटॅकसुद्धा ०.८ मिलिसेकंदाचाच. तिथे बटण "संथ" बाजूला फिरवून ढोलकीचा आघात सुटेल अशी आशा धरू नका.

एकाच्या डोक्यावर सगळं ओझं नको

एका कंप्रेसरकडून १२ डीबी दाबून घेतले की तो काम करतोय हे कोणालाही ऐकू येतं. तेच काम तिघा-चौघांत वाटलं तर कोणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या स्टुडिओतल्या मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून झालेल्या गाण्यात, मोठेपणा असा थेंबे थेंबे जमा झालेला असतो.

गायकाच्या आवाजाचं उदाहरण घ्या. कंप्रेसर लावण्याआधी ट्रॅकमधले फार मोठे आणि फार हळू शब्द हातानेच वर-खाली करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी लढाई तिथे जिंकली जाते. मग ११७६ जातीचा जलद कंप्रेसर, ४:१ वर, फक्त उसळणाऱ्या शब्दांना ३ ते ५ डीबी. त्याच्यानंतर एलए-२ए जातीचा संथ कंप्रेसर, सतत २-३ डीबी. या दुसऱ्या यंत्रात दिवा आणि प्रकाश ओळखणारा भाग असतो. त्याचा रिलीज आधी पटकन आणि मग रेंगाळत होतो, म्हणून गाण्यावर तो सहज बसतो. यानंतर "स" आणि "श" टोचायला लागतात, कारण बाकीचे वर्ण दबले आणि या वर्णांनी थ्रेशोल्ड फारसा ओलांडलाच नव्हता. ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये काम करणारा डी-एसर शेवटी लावा.

सगळ्या तालवाद्यांच्या एकत्र ट्रॅकवर समांतर कंप्रेशन फार उपयोगी पडतं. तालवाद्यांची एक प्रत काढायची, तिच्यावर १०:१, अटॅक अगदी जलद, १५ ते २० डीबी दाब, म्हणजे ती प्रत पार चिरडायची. एकटी ऐकली तर भयानक लागते. मग तिचा फेडर तळाला नेऊन मूळ ट्रॅकच्या खालून हळूहळू वर आणायचा, आणि ती वेगळी ऐकू यायला लागायच्या जरा आधी थांबायचं. आघात मूळ ट्रॅकमधून येतो, अंग चिरडलेल्या प्रतीतून. यात बिघडतं ते वेळेमुळे. प्लगइनने प्रतीला मिलिसेकंदभर जरी उशीर केला आणि सॉफ्टवेअरने तो भरून काढला नाही, तर दोन्ही मिळून आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. तसं झालं तर आधी उशीर-भरपाईची सेटिंग तपासा.

किक आणि बेस एकाच जागेसाठी भांडतात, तेव्हा बेसवरच्या कंप्रेसरला किकचा इशारा द्यावा. याला साइडचेन म्हणतात. किक पडली की बेस २ ते ४ डीबी खाली जातो आणि साधारण १०० मिलिसेकंदांत परततो. बेस खाली गेल्याचं कळत नाही, पण दोघांच्या बेरजेने चढणारा शेंडा टळतो आणि तेवढी जागा मोकळी होते.

सगळ्यात शेवटी अख्ख्या मिक्सवर एक सौम्य कंप्रेसर: २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज ऑटो, दाब १ ते २ डीबी. त्यातही साइडचेनचा फिल्टर १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे त्याखालच्या आवाजाकडे कंप्रेसर लक्ष देणार नाही, नाहीतर दर किकला गाणाऱ्याचा आवाजही खाली बसतो.

मग लिमिटरवरच सगळं का सोपवू नये?

लिमिटर म्हणजे रेशो इतका मोठा केलेला कंप्रेसर की ठरवलेल्या रेषेच्या वर काही जाऊच शकत नाही. १९९४ मध्ये वेव्हज कंपनीचा एल-१ हा लिमिटर आला. तो येणारा आवाज आधीच डोकावून पाहतो, त्यामुळे शेंडा येण्यापूर्वीच दाबायला तयार असतो. तेव्हापासून गाणं मोठं करणं एक पट्टी खाली ओढण्याइतकं सोपं झालं आणि सीडीवरची चढाओढ हाताबाहेर गेली. २००८ मध्ये मेटॅलिका या रॉक बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम इतका चिरडून बाहेर आला की गिटार हीरो या व्हिडिओ गेममधली त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती चांगली वाजते, असं चाहतेच म्हणू लागले.

लिमिटरला २ ते ४ डीबीचंच काम उरलं असेल तर तो छान वागतो. ८-१० डीबी मागितले तर तो आधी आघात खातो, मग बेस फाडतो. तसं होत असेल तर मिक्समध्ये परत जा. बहुतेक वेळा किक किंवा हलगी प्रमाणाबाहेर उंच असते, नाहीतर ३० हर्ट्झच्या खाली जवळजवळ ऐकू न येणारा गाळ साचलेला असतो आणि तोच जागा खात असतो. बासरी, टाळ, गायक अशा ट्रॅकांतून ८०-१०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं तरी मिक्सवर काही डीबी मोकळे होतात. कान सर्वांत तल्लख असतो तो २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये. त्या पट्ट्यात एका वेळी एकच वाद्य पुढे असेल तर तेच गाणं त्याच मीटरवर मोठं वाटतं. वाद्यरचनाच गजबजलेली असेल तर कंप्रेसर तिला काही करू शकत नाही.

लिमिटरची रेषा शून्यावर न ठेवता उणे १ वर ठेवा आणि ट्रू पीकचा पर्याय चालू करा. फाइलमधले बिंदू मर्यादेत असले तरी त्यांना जोडणारी लहर दोन बिंदूंच्या मध्ये वर जाऊ शकते, आणि फाइल लहान करताना शेंडे आणखी चढतात.

"यूट्यूब सगळ्यांना एका पातळीवर आणतं, मग हा खटाटोप कशाला?"

प्रश्न योग्य आहे. यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्स धरून गाणी वाजवतात, ॲपल म्युझिक उणे १६. यूट्यूब मोठी गाणी खाली आणतं, पण बारीक गाणी वर नेत नाही. संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा. कंटेंट लाउडनेससमोर अधिक ५ दिसलं तर ते गाणं ५ डीबी खाली आणून वाजवलं जातंय.

आता हिशेब करा. एक गाणं चिरडून उणे ९ लफ्सला नेलं, शेंडे उणे १ ला. यूट्यूबने ५ डीबी उतरवले, शेंडे उणे ६ ला आले. दुसरं गाणं उणे १४ लफ्सचं, शेंडे तेही उणे १ ला. ते जसंच्या तसं वाजतं. सरासरी दोघांची सारखी, पण दुसऱ्याच्या ढोलकीला ५ डीबी उंच उडी मारायला जागा आहे. चिरडून मिळवलेला मोठेपणा काढून घेतला गेला आणि गमावलेला आघात काही परत आला नाही.

तरीही उणे १४ हा आकडा गाठायचाच असं व्रत धरू नये. नाचाच्या गाण्याला थोडी घुसमट, थोडी घट्टपणाची धार शोभते आणि ती उणे १० च्या आसपास नैसर्गिकपणे येते. भावगीताला ती मुळीच शोभत नाही. कानाला योग्य वाटेल तिथे थांबा, आकडा नंतर बघा.

"पण वरातीत आणि मंडपात यूट्यूब नसतं"

खरं आहे. पेन ड्राइव्हवरच्या फाइलला कोणी एका पातळीवर आणत नाही, म्हणून डीजेला मोठं गाणं आवडतं. पण तिथल्या ॲम्प्लिफायरच्या आधी स्पीकर वाचवण्यासाठी लावलेला लिमिटर बहुधा असतोच. आधीच सपाट झालेलं गाणं त्यावर पुन्हा दाबलं जातं. एफएमवरही तेच. रेडिओ स्टेशनचा स्वतःचा प्रोसेसर प्रत्येक गाण्यावर चालतो, १९७५ मध्ये ऑप्टिमॉड हा असा प्रोसेसर आला तेव्हापासून ही रीत रुळली. डीजेसाठी उणे ८-९ लफ्सची वेगळी फाइल काढून द्यायला हरकत नाही. तिच्यात जास्तीचा मोठेपणा लिमिटरकडून न घेता तालवाद्यांच्या क्लिपरकडून घ्या.

"तयार प्रीसेट लावला तर?"

रेशो, अटॅक, रिलीज यांची सुरुवात म्हणून चालेल. थ्रेशोल्ड मात्र प्रीसेटला कळूच शकत नाही, कारण तुमचा ट्रॅक किती पातळीवर रेकॉर्ड झालाय हे त्याला माहीत नसतं. उणे ३० वर रेकॉर्ड झालेल्या गायकावर उणे १८ चा थ्रेशोल्ड ठेवला तर कंप्रेसर बसून राहील.

आणखी एक फसगत मेकअप गेनची. एक-दीड डीबीने मोठी केलेली कुठलीही गोष्ट कानाला "चांगली" वाटते. कंप्रेसर चालू-बंद करून तुलना करण्याआधी दोन्हींची पातळी सारखी करा. प्लगइनमधला ऑटो मेकअप बंद ठेवा, बायपास करा, लफ्स मीटर पाहा, मेकअप जुळवा, मग डोळे मिटून ऐका. निम्म्या ट्रॅकांवरचे कंप्रेसर या परीक्षेत नापास होतात आणि काढून टाकावे लागतात.

"हेडफोनवर दणका आहे, मोबाइलवर किक गायब"

हे दुखणं कंप्रेशनचं नाहीच. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काही येत नाही, किकचा मुख्य भाग ५०-६० ला असतो. तो कितीही दाबा, तिथे ऐकू येणार नाही. किकवर थोडं सॅच्युरेशन घाला, म्हणजे मूळ स्वराच्या वरच्या पटींतले स्वर तयार होतात आणि कान त्यांवरून खालचा स्वर भरून घेतो. शिवाय २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये किकचा "टक" २ डीबीने उचला. मग कंप्रेसरचा थ्रेशोल्ड पुन्हा एकदा तपासा, कारण सॅच्युरेशनने शेंडे बसलेले असतात आणि आधीचा थ्रेशोल्ड आता लागू पडत नाही.